सात वाजताचा आकडा

मला साखर आहे हे मी कुणापासून लपवत नाही. नऊ वर्षं झाली. उलट त्या साखरेच्या जोरावरच मला हे काम मिळालं. आमच्या अंबरनाथ-उल्हासनगर-बदलापूर पट्ट्यात एक संस्था आहे. तिचं म्हणणं असं, की डॉक्टर पाच मिनिटं भेटतो आणि उरलेला महिना माणूस आपल्या मनाचा राजा असतो. त्या महिन्याभरात त्याला हटकायला त्याच्यासारखंच कुणीतरी हवं, ज्यानं स्वतः जिभेला लगाम घातलाय. म्हणून त्यांनी आमच्यासारखे लोक गोळा केले, दोन शनिवार शिकवलं आणि प्रत्येकाला फोनवर दहा-दहा माणसं वाटून दिली. आमचं नाव 'आरोग्य सोबती'. औषधाबद्दल चकार शब्द काढायचा नाही, तो डॉक्टरांचा प्रांत. आमच्याकडे खाणं, चालणं आणि मशीनवरचा आकडा.

मी बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय. दहा माणसं म्हणजे माझ्या लेखी रिकामा वर्ग.

पहिल्याच दिवशी मी नियम घालून दिले. सकाळी सहा ते सातच्या दरम्यान उपाशीपोटी बोट टोचायचं आणि मशीनवरच्या आकड्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा. दुपारी ताटाचा फोटो. दर गुरुवारी माझा व्हिडिओ कॉल. सातपर्यंत आकडा आला नाही, की त्या नावापुढे मी लाल फुली टाकायची, सगळ्यांदेखत. ही फुली संस्थेची नव्हे, माझी. संस्थेचं काम बघणारी अनुया म्हणाली होती, "काकू, जरा प्रेमानं घ्या हं, लोक ग्रुप सोडून जातात." मी म्हटलं, माझ्या वर्गातून आजवर कुणी पळालेलं नाही.

माझ्या नवऱ्याचं नाव बाळ. अडुसष्ट वर्षांचे बाळ. मी पावणेसातपासून फोन हातात धरून बसले, की ते पेपराआडून विचारत, "काय कुमुद, आज कुठला आकडा फुटला?" मटका लावणाऱ्या बाईसारखी मी दिसते म्हणे. दिसेना का. शहाडच्या कमळाकरांची शुगर दीड महिन्यात चाळीसनं उतरली होती आणि विठ्ठलवाडीच्या मोतीबाई एसटी डेपोला दोन फेऱ्या मारून मगच चहा घेत होत्या. काम होत होतं.

अडलं होतं ते दौलतरावांपाशी.

दौलतराव बदलापूरच्या पुढचे, बारवीच्या रस्त्यावरच्या गावातले. वय बासष्ट, घरी तीन म्हशी, थोडी शेती. नवीन इमारतींमध्ये दुधाचा रतीब. पहिल्या शिबिरात डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, चार महिन्यांत साखर आवाक्यात आली नाही तर इन्सुलिन सुरू करू. तेव्हापासून त्यांनी धसका घेतला होता. त्यांच्या थोरल्या भावाला इन्सुलिन सुरू झालं आणि वर्षभरात त्याचा पाय गुडघ्यापासून कापावा लागला. पाय साखरेनं गेला, इन्सुलिननं नव्हे, हे मी त्यांना तीनदा समजावलं. त्यांनी तीनदा मान डोलावली आणि तीनदा म्हणाले, "ताई, ती सुई नको. बाकी काय पन सांगा, मी करतो."

माणूस इतक्या काकुळतीला आला, की मी बोलून गेले, "दौलतराव, माझं ऐका, सुई लागू देणार नाही." असं वचन द्यायचा मला काडीचा अधिकार नव्हता. पण दिलं होतं, आणि ते मला पाळायचं होतं.

पहिले दहा-बारा दिवस आकडे ठीक आले. एकशे सत्तर, एकशे पासष्ट. मग एका सकाळी एकदम दोनशे एकतीस. दुसऱ्या दिवशी दोनशे चव्वेचाळीस. तिथून जी चढण लागली ती उतरायचं नाव घेईना.

गुरुवारी मी फैलावर घेतलं. दौलतराव बाजेवर बसलेले, फोन त्यांच्या बायकोनं धरलेला. ती नेहमी पडद्यामागेच असायची आणि मी त्यांना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तीच द्यायची. "सकाली एक भाकर नि मेथी खाल्ली त्यांनी. दुपारी वाटीभर भात, वरन, काकडी." मी म्हणायची, "बाई, त्यांना बोलू द्या."

"ताई, आयशप्पत, मी गोड खाल्ला नाय," दौलतराव म्हणाले.

"मग आकडा वर जातोच कसा? आकडा खोटं बोलत नाही, दौलतराव. माणूस बोलतो."

त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, चोर सापडला. दूध घालायला गेल्यावर स्टेशनपाशी काहीतरी तोंडात टाकत असणार. मी चहातली साखर बंद केली होतीच, आता भात अर्धी वाटी केला. आठ दिवसांनी तोही बंद, फक्त नाचणीची भाकरी. बिचाऱ्यांनी मुकाट्यानं सगळं मानलं. ताटाच्या फोटोत भात दिसेनासा झाला आणि आकडा दोनशे सत्तर झाला. मी चिडले. मग घाबरले. पहिल्या कॉलला मी सगळ्यांना एक वाक्य ऐकवलं होतं, साखर एका माणसाला होत नाही, घराला होते, तेव्हा सगळ्या घरानं सुधारायला हवं. त्या दोन शनिवारांच्या शिकवणीत या वाक्याला टाळ्या पडल्या होत्या. तेच मी दौलतरावांना पुन्हा सुनावलं, जरा चढ्या आवाजात.

चार महिन्यांनी उल्हासनगरात, चार नंबरच्या कॅम्पात, एका हॉलमध्ये संस्थेचं शिबिर भरलं. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी रक्ततपासणी आधीच्या आठवड्यात घरोघरी जाऊन केली होती. माझ्या दहा माणसांना मी त्या दिवशी पहिल्यांदाच प्रत्यक्ष पाहत होते. दौलतराव फोनमध्ये दिसत त्यापेक्षा वाळले होते. इस्त्रीचा सदरा अंगावर लोंबत होता. मागे त्यांची बायको, हातात कापडी पिशवी. ते माझ्याकडे बघून हसले. मी त्यांच्याबरोबर डॉक्टरांसमोर जाऊन बसले. वचन मोडायची वेळ आली होती आणि मला निदान तिथून पळायचं नव्हतं.

डॉक्टरांनी माझ्या तक्त्यातले आकडे वाचले. "दोनशे सत्तर, दोनशे अठ्ठ्याऐंशी. बापरे. आज तर इन्सुलिन लिहावंच लागेल." मग त्यांनी लॅबचा कागद उलगडला आणि थांबले. दौलतरावांचं बोट स्वतः टोचलं. एकशे बारा.

"मॅडम, हा रिपोर्ट उत्तम आहे. आत्ताची शुगर उत्तम आहे. मग हे रोजचे आकडे कुणाचे?"

"त्यांचेच," मी म्हटलं. "रोज सातच्या आत फोटो येतो."

"एका माणसाचे हे दोन्ही असू शकत नाहीत. मशीन बिघडलं असेल, नाहीतर बोट दुसरं असेल."

दौलतराव मागे वळले. त्यांची बायको जमिनीकडे बघत होती.

"माजा हाय तो," ती म्हणाली.

मला कळेना. "तुमचं काय?"

"बोट. हे पाच वाजता दूध घेवून जातान, येतान आठला. सुरवातीला थांबायचे, मंग गिऱ्हाईकं वरडायला लागली. तुमी सातला फुली टाकता. गावची दोन मानसा हायत त्या ग्रुपमदी, सगल्यांना दिसता." मग तिनं मान वर केली. "तुमीच बोलल्या व्हत्या, साखर मान्साला नाय, घराला होते. एकाच चुलीवरचा खातो आमी. मंग रगत काय येगला असल?"

माझ्या टाळ्यांच्या वाक्याचा तिनं अगदी सरळ अर्थ घेतला होता. चूक तिची म्हणावी तर कुठल्या तोंडानं?

"मला का नाही सांगितलंत?" मी दौलतरावांना विचारलं.

"मला वाटला, ती तिच्या बोटाचा आकडा धाडते, पन घर एकच, म्हंजे बराबर असल. तुमी पन रोज बोलायच्या, आकडा खोटा बोलत नाय. मी म्हटला, माजाच काय तरी चुकत असल."

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "या आकड्यांवर मी आज यांना इन्सुलिन दिलं असतं, तर साखर एकदम खाली जाऊन उद्या पहाटे हे म्हशींच्या पायाशी पडलेले सापडले असते." मग त्यांनी तिच्याकडे बघून खुर्ची पुढे सरकवली. "तुम्ही बसा."

अनुयानं फॉर्म काढला आणि नाव विचारलं. "अंजनी," ती म्हणाली. चार महिन्यांत दर गुरुवारी मी या बाईशी बोलत होते आणि तिचं नाव मला त्या फॉर्मवरून कळलं.

अंजनीबाईंनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, तरी शुगर तीनशे चार निघाली. पायांना मुंग्या कधीपासून, असं डॉक्टरांनी विचारलं, तर म्हणाली, दोन वर्षं असतील, उभं राहून येतात त्या. रात्री डोळ्यांसमोर अंधारी येते, पण ती वयानं. जेवता कधी? सगळ्यांचं झाल्यावर, तीनला, साडेतीनला. काय जेवता?

"उरल ता."

मी मध्येच विचारलं, "आणि त्यांचा भात मी बंद केला, तो तुम्ही शिजवायचाच बंद केलात ना?"

"पोरा खातान की भात. ह्यांच्या वाटनीचा उरायचा." ती जरा ओशाळली. "टाकायचा कुटं मॅडम? अन्न हाय. त्यांच्याच ताटात घेते नि खाते."

अर्धी वाटी काढला होता, तेव्हा अर्धी वाटी. सगळा काढला, तेव्हा सगळा. दौलतरावांच्या ताटातून मी जो जो घास कमी केला, तो या बाईच्या पोटात गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मशीनवर चढून माझ्याकडे आला. मग मी दौलतरावांना आणखी बोलले आणि आणखी भात काढला. बत्तीस वर्षं गणित शिकवून मला ही साधी वजाबाकी-बेरीज दिसली नाही. मला माझी इतकी लाज वाटली, की तिथेच अनुयाला म्हटलं, माझी माणसं दुसऱ्या कुणाला दे.

"देते," अनुया म्हणाली. "पण अंजनीकाकूंना कोण घेणार? त्या तुम्हालाच ओळखतात."

ओळखतात हे खरं होतं. मीच ओळखत नव्हते.

घरी आल्यावर बाळना सगळं सांगितलं. मला वाटलं आता चिडवतील. त्यांनी चिडवलं नाही. "कुमुद, फुल्या बंद कर," एवढंच म्हणाले आणि चहा ठेवायला उठले. फुल्या मी बंद केल्या. ग्रुपवर सगळ्यांची माफी मागितली आणि चूक काय झाली तेही लिहिलं, नाव न घेता.

अंजनीबाईंना गोळ्या सुरू झाल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, एका डोळ्यात आत थोडं नुकसान झालंय, ते भरून येणार नाही. आणखी होऊ द्यायचं नसेल तर साखर उतरलीच पाहिजे. म्हणजे आता खरोखरच माझ्या हाती एक काम होतं.

पुढच्या गुरुवारी मी कॉल लावला. या वेळी फोन दौलतरावांनी धरला होता आणि बाजेवर त्या बसल्या होत्या, डोक्यावर पदर ओढून, फोटो काढायला बसल्यासारख्या ताठ.

"अंजनीबाई, काल काय काय खाल्लंत?"

"सकाली दीड भाकर नि चवली. धा वाजता ताक घेतला..."

"हे त्यांचं झालं. तुमचं सांगा."

त्या थांबल्या. इतका वेळ थांबल्या, की मला वाटलं फोन अडकला. नवऱ्यानं परवा किती वाजता किती घोट ताक घेतलं ते त्यांना तोंडपाठ होतं. स्वतःचं आठवत नव्हतं. आठवायचा प्रयत्न त्या अगदी मनापासून करत होत्या, ते त्यांच्या कपाळावर दिसत होतं.

"आटवत नाय मॅडम," शेवटी त्या म्हणाल्या आणि कसनुशा हसल्या. "मी कवा बगितलाच नाय."

तेवढ्यात फोनमागून दौलतरावांचा आवाज आला, हळू. "सकाली नुसता चहा. दोन येला. दुपारी परवाचा शिला भात व्हता, तो खाल्ला तिनं, चुलीपाशी उबी ऱ्हावून. रातीला पोरांचा उरलेला."

"तुम्हाला कसं ठाऊक?" मी विचारलं.

"दिसतो ना ताई. रोजच दिसतो."

अंजनीबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. तो बघतो हे त्यांना ठाऊक नसावं. माझ्या जिभेवर अगदी आलं होतं, की मेल्या, दिसत होतं तर बोलला का नाहीस? पण गिळलं. ताटाचे ते सगळे फोटो माझ्याही फोनमध्ये होते, आणि जवळजवळ प्रत्येकात कडेला हिरव्या बांगड्यांचा एक हात होता, माझ्यासाठी ताट नीट फिरवून धरणारा. तो मला रोज दिसत होता.

मी वही उघडली, नवं पान काढलं.

"अंजनीबाई," मी म्हटलं, "आत्ता भूक लागलीय का तुम्हाला?"