साकिबचा ठिपका

विनीतला खुर्ची हवी होती. महाडच्या कॉलेजात नव्यानं निघणाऱ्या संशोधन केंद्राच्या प्रमुखाची. ज्याच्या लेखांचे संदर्भ इतर विद्वान आपल्या लेखांत जास्तीत जास्त देतात आणि ज्याची इतरांसोबत मिळून लिहिण्याची ऊठबस दांडगी, त्याला ती मिळणार, असं विद्यापीठानं कळवलं होतं. ते लेख कुणी वाचलेत का, हे विद्यापीठानं विचारलं नव्हतं. बरंच झालं.

विनीत उमरठचा, शेतकऱ्याच्या पोटचा. लावणीला माणसं कमी पडली की गाव सावड करतो, आज सगळे तुझ्या शेतात, उद्या सगळे माझ्या. तीच रीत त्यानं कागदावर आणली. पार पोलादपूरपर्यंतचे प्राध्यापक गोळा केले. पोलादपूरच्या महिपतनं गांडुळांवर लिहिलं की विनीत आपल्या कुडपणच्या पठारावरच्या लेखात त्या गांडुळांचा हवाला द्यायचा. मग महिपतची गांडुळं उलटी पठार चढून यायची. दरड कोसळून घाटात एसटी अडकली तरी संदर्भ वेळेवर पोचायचा. एकानं तर न लिहिलेल्या लेखाचा संदर्भ दिला, आणि तो लेख पुढल्या महिन्यात बिनचूक जन्माला आला.

मग कळलं, की परदेशी जोडीदाराला वजन जास्त. विनीतचा परदेश म्हणजे तुडीलचा साकिब, बारावीला भूगोलात आपटलेला त्याचा विद्यार्थी. कुवेतला क्रेन चालवायचा. त्याला न विचारताच लेखावर नाव चढलं, साकिब इस्माईल, कुवेत. आता सावडीत एकाच्या गोठ्यातला बैल सगळ्यांच्या नांगराला जातो, नाही म्हणायची सोय नसते. महिपतनं साकिब मागितला, महिपतच्या शेजाऱ्यानं मागितला. वर्षभरात साकिब गांडुळांपासून संतवाङ्मयापर्यंत सगळ्यात पारंगत झाला.

तपासणीला विद्यापीठाची समिती घेऊन निशिगंधाबाई आल्या. त्यांनी लॅपटॉपवर जाळं दाखवलं, ठिपका म्हणजे विद्वान, रेघ म्हणजे त्याचे संबंध. मधोमध भाकरीएवढा ठिपका पाहून विनीतनं छाती फुगवली. बाईंनी नाव वाचलं, साकिब इस्माईल. विनीत कडेला होता, मोहरीएवढा.

"हे डॉक्टर साकिब कोण?" बाईंनी विचारलं. "तुमच्यातल्या कुणाचंच यांच्यावाचून पान हललेलं नाही."

खरं सांगावं तर सगळे लेख रद्द आणि असलेली नोकरीही जायची. "फार मोठा माणूस," विनीत म्हणाला. कुवेतच्या माणसाला पदवी विचारणं समितीत कुणालाच बरं वाटलं नाही. साकिब सुट्टीवर आला की त्याला बोलवायचं आणि तो हो म्हणाला की खुर्ची त्याची, नाही म्हणाला तरच विनीतचा विचार, असं ठरलं.

साकिब उतरल्याचं कळताच विनीत तुडीलला धावला. साकिबची आई महरुन्निसा हिनं पुढ्यात तांदळाची वाफवलेली सांदणं ठेवली, त्यानं एकालाही हात लावला नाही. नाव कसं वापरलं ते सगळं ओकला आणि आता तू नाही म्हण, म्हणून हातापाया पडला. साकिब सांदण नारळाच्या दुधात बुडवत निवांत ऐकत होता.

"सर, भर वर्गात बोललेलात, ह्याला नकाशात महाडपण दावता येत नाय."

"ते जुनं झालं रे."

"जुनंच हाय. नाय म्हणतो मी. पण बाई विचारतील का नाय, तवा काय सांगू? मी काय लिवलंच नाय, असं?"

"तसं नको. वेळ नाही म्हण."

"वेळ लय हाय. काँट्रॅक्ट संपला माझा."

"मास्तर," महरुन्निसा मध्ये पडली, "पोराला घराजवळ काम मिळतंय, त्यात त्याला खोटं कशाला बोलायला लावता?"

"आईसमोर सांगतो, मी खोटं नाय बोलणार," साकिब म्हणाला. "खरं सांगू का हो म्हणू, तेवढं बोला."

विनीतनं शेवटी एक सांदण उचललं.

"हो म्हण," तो म्हणाला.

साकिब खुर्चीत बसला. क्रेनपेक्षा बरी, वारा आला तरी हलत नाय, असं त्यानं पहिल्याच बैठकीत सांगितलं. महिपतनं त्यात खोल अर्थ असल्याचं मान्य केलं आणि त्या वाक्याचा संदर्भ गांडुळांत दिला. विनीतनंही त्याच आठवड्यात नवा लेख लिहायला घेतला, आणि कुणी न सांगता पहिलं नाव साकिबचं घातलं.