साचा हलतो तेव्हा

मी साचा बोलतोय. खुर्ची नव्हे, खुर्चीचा साचा. खुर्ची तुम्हाला माहीत आहे: पांढरी, प्लॅस्टिकची, एकावर एक रचता येणारी. दवाखान्याबाहेर, चहाच्या टपरीवर, लग्नात, शोकसभेत, जिथे चार माणसं जमतील तिथे ती हजर. तिच्यावर बसून तुम्ही साऱ्या जगाची उठाठेव करता, पण ही बया आली कुठून, हे कोणी विचारत नाही. ती माझ्या पोटातून आली.

मी दिसायला देखणा नाही. पोलादाचे दोन थोराड ठोकळे, आतून मात्र लख्ख गुळगुळीत. ज्याने मला घडवलं तो कारागीर हातचा पक्का होता, पण शेवटी माणूसच. माझ्यात ओतलेलं वितळलेलं प्लॅस्टिक थिजावं म्हणून गार पाणी खेळवायच्या वाटा कोरताना मागच्या पायाकडची एक वाट त्याने जरा जास्तच जवळ घेतली. त्यामुळे बंद पडलेलं मशीन पुन्हा सुरू केलं, की तेवढी जागा गारठलेली राहते आणि सुरुवातीच्या दहा-बारा खुर्च्यांचा मागचा पाय कच्चा निघतो. दिसायला खुर्ची झकास. पण भरल्या अंगाचा माणूस बसला, की कडकन मोडणार.

मला विकत घेतलं ते सातासमुद्रापलीकडच्या एका कंपनीने. तिने स्वतः कारखाना काढला नाही, ती एवढी खुळी नव्हती. बंदराजवळच्या एका छोट्या गावात दुसऱ्याच्या कारखान्यात मला नेऊन बसवलं. कारखाना त्याचा, माणसं गावातली आणि साचा कंपनीचा. मी जिथे असेन तिथे काम असणार. या व्यवस्थेतली मेख तेव्हा कोणाच्याच ध्यानात आली नाही, माझ्याही नाही.

माझ्या मशीनवर एक बाई होती. नाव काहीतरी दुसरंच होतं, पण सगळे तिला भिंगरी म्हणायचे. मी उघडलो की खुर्ची ओढायची, गर्रकन वळायचं, चाकूने कडा साफ करायच्या, खुर्ची ढिगावर चढवायची, आणि मी पुन्हा उघडायच्या आत जागेवर हजर. गंमत बघा, दिवसभर खुर्च्या काढणाऱ्या या बायांना बसायला खुर्ची नव्हती. पाळीत बसायचं नाही, असा नियमच होता.

तरी ते दिवस बरकतीचे होते, हे मी नाकारणार नाही. गावात पक्का रस्ता आला. भिंगरीच्या घराला दुसरी खोली झाली. तिची मुलगी नर्सिंगला गेली, आणि त्या दिवशी भिंगरी एवढी खुशीत होती की खुर्चीऐवजी मलाच थोपटत होती. बाहेरून पाहुणे यायचे, टोप्या घालून फिरायचे आणि म्हणायचे, आता जग एक झालंय, सगळ्यांचंच भलं होणार.

सगळ्यांचं म्हणजे भिंगरीच्या सासऱ्यांचं सोडून. ते सुतार. गावातली निम्मी बाकं आणि खुर्च्या त्यांच्या हातच्या. माझ्या पोटातून भराभर स्वस्त खुर्च्या पडू लागल्या आणि त्यांच्या दारात येणारं गिऱ्हाईक आटलं. सुनेच्या पगारावर घर चालायचं, सुनेच्याच कामाने त्यांचं काम बुडालं. म्हातारा तोंडाने कधी बोलला नाही. फक्त घरात आणलेल्या पांढऱ्या खुर्चीवर तो कधी बसला नाही, जमिनीवर बसायचा. हे भिंगरी शेजारच्या मशीनवालीला हसत हसत सांगायची, पण हसणं लवकर आटपायचं.

मग एक दिवस साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं. दूर दुसऱ्या देशात मजुरी याहून कमी होती. कंपनी साचा तिकडे हलवणार होती. जाण्याआधी तिकडची एक बाई काम शिकायला येणार होती आणि भिंगरीने तिला शिकवायचं होतं. शिकवणाऱ्याला हिशेब चुकता करताना थोडं वर मिळेल, असंही साहेब म्हणाले. ते बोलताना सारखे घड्याळाकडे बघत होते. त्यांचीही नोकरी जाणार होती, हे नंतर कळलं.

आली ती बाई. सगळ्यांनी तिचं नाव पाहुणी ठेवलं, आणि ते काही प्रेमाने नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत ती एकटीच भिंतीला टेकून डबा खायची. कोणी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. तिला इथली भाषा येत होती, मोडकी का होईना. कशी येते, हेही कोणी विचारलं नाही.

इकडे बायांचं ठरलं होतं. भिंगरीने सगळं शिकवायचं, फक्त सुरुवातीच्या दहा-बारा खुर्च्या बाजूला फेकायच्या असतात, हे सांगायचं नाही. ते कुठल्या कागदात लिहिलेलं नव्हतं, ज्यांच्या हाताखालून खुर्च्या गेल्या त्यांनाच ठाऊक होतं. तिकडे खुर्च्या मोडू लागतील, माल परत येईल, कंपनी कान धरेल आणि साचा पुन्हा इथे येईल. भिंगरीने मान डोलावली. मुलीचं शेवटचं वर्ष राहिलं होतं. पगार थांबला की तिचं शिक्षणही थांबणार, हे उघड होतं.

मी सगळं ऐकत होतो. माझीच खोड, आणि तिच्यावर दोन गावांचं पोट टांगलेलं. मला तोंड असतं तर मी काय केलं असतं, देव जाणे.

भिंगरीने शिकवलं. हात कुठे धरायचा, कड कशी कापायची, चटका कसा चुकवायचा, सगळं. रोज सकाळी मशीन सुरू व्हायचं तेव्हा मात्र ती पाहुणीला प्लॅस्टिकच्या दाण्यांची पोती आणायला कोठारात पाठवायची. पाहुणी मुकाट जायची. परत येईपर्यंत कच्च्या खुर्च्या नाहीशा झालेल्या असायच्या.

एकदा वीज गेली आणि दोघी माझ्यापाशी नुसत्या उभ्या राहिल्या. तेव्हा पाहुणी आपणहून बोलली. ती याच देशातल्या मोठ्या शहरात, एका घरी स्वयंपाकपाण्याला होती. दोन लेकरं तिकडे आजीपाशी. धाकटं तिला फोनवर मावशी म्हणायला लागलं होतं. आता साचा तिच्याच गावात येणार, म्हणून ती घरी जाणार होती. एवढं बोलून ती लाजली, जणू कोणाचं काही चोरलं असावं.

वीज आली आणि भिंगरीने सवयीने पाहुणीला कोठारात पाठवलं.

दुसऱ्या दिवशी भिंगरी आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते. मशीन सुरू झालं. पाहुणी आपण होऊन पोती आणायला निघाली, तर भिंगरीने तिचा दंड धरला.

"थांब. हे बघ आधी," ती म्हणाली. तिने नुकतीच निघालेली खुर्ची उलटी केली, मागच्या पायावर गुडघा दाबला. पाय मोडला. "सुरुवातीच्या सगळ्या अशाच असतात. त्या कोणाला द्यायच्या नाहीत."

पाहुणी मोडक्या पायाकडे बघत राहिली. "ताई, हे आज का सांगताय?"

"काल घरी सासऱ्यांना आमचा बेत सांगितला. मला वाटलं, त्यांना तरी आनंद होईल. ते म्हणाले, पोरी, खुर्ची मोडली तर कंपनी पडत नाही, बसणारा पडतो."

शेजारच्या मशीनवरच्या बाईने हे ऐकलं आणि त्यानंतर कारखान्यात भिंगरीशी कोणी बोलेना. शेवटपर्यंत बोललं नाही. ज्या बायांबरोबर उभं आयुष्य काढलं त्यांनी पाठ फिरवली. त्यांचंही चुकलं म्हणवत नाही, त्यांच्या पोटावर पाय आला होता.

मला साखळ्या बांधल्या त्या दिवशी कारखान्यात दोघीच उरल्या होत्या. भिंगरीने पाहुणीला आपला चाकू दिला. मग इकडेतिकडे बघत हळूच विचारलं, "तू ज्या घरी कामाला होतीस, ती जागा भरली का गं?"

पाहुणीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग तिने भिंगरीच्या फोनमध्ये त्या घरचा नंबर घालून दिला आणि घरची मोठी बाई तापट आहे, पण पगार वेळेवर देते, एवढं सांगितलं. मुलीचं वर्ष पुरं व्हायला हवं होतं. मुलगी आजोबांजवळ राहणार, आई परक्याच्या स्वयंपाकघरात.

माझं बघा. मी एका गावातून उठलो आणि दुसऱ्या गावात बसलो. एक आई घरी आली आणि एक आई घराबाहेर पडली. याला जगाची भरभराट म्हणत असतील तर म्हणोत. मला ती एकाच अंथरुणाची ओढाताण वाटते. इकडे पाय झाकले की तिकडचे उघडे.

नव्या गावात माझं जंगी स्वागत झालं. नव्या साहेबांनी भाषण केलं. आता या गावाचे दिवस पालटणार, मुलं शिकणार, घरं होणार. अक्षर न् अक्षर मी आधी ऐकलेलं होतं. भाषण संपल्यावर ते म्हणाले, काही शंका असतील तर विचारा. कोणी पाळीच्या वेळा विचारल्या, कोणी बसचं विचारलं. मग पाहुणी उभी राहिली. आता तिला पाहुणी का म्हणायचं, ती तर तिच्या गावात होती, धाकटं लेकरू तिच्या कडेवर होतं.

"साहेब, हा इथून कधी जाणार?"

लोक हसले. साहेबही हसले. "अहो बाई, आजच तर आलाय."

"म्हणून आजच विचारते," ती म्हणाली, आणि खाली बसली नाही.

साहेबांनी ते हसण्यावारी नेलं, पुढचा प्रश्न घेतला. तिला अजून उत्तर मिळालेलं नाही. मी काय सांगणार? मला पाय नाहीत. काम गेलं, काम गेलं, असं तुम्ही म्हणता, पण मी आपण होऊन कधी कुठे गेलो नाही. दर वेळी कोणीतरी मला उचललं आहे. आता मी तिच्यासमोर दिवसभर उघडतो आणि मिटतो, आणि ती कामाला लागण्याआधी रोज एकदा माझ्याकडे बघते. तुमच्या गावात माझ्यासारखा कोणी येईल तेव्हा खुशाल स्वागत करा, पण तिचा प्रश्न तुम्हीही विचारा. तिला एकटीला पाडू नका.