रुपयावर जळणारी शंभराची नोट

मित्रांनो, मी आचऱ्याच्या अक्काकडची जुनी शंभराची नोट आहे. मला जरा उजेडापुढे धरा. अंगात सिंह उमटतील, उभी तार दिसेल. एवढा साज असून मी जळते. कुणावर? एका रुपयाच्या नोटेवर! तिच्यात मेलीच्यात तारसुद्धा नाही.

अक्काच्या लग्नात आम्ही एकाच पाकिटातून आलो. एकशे एकचा आहेर. शंभर मी, वरचा शकुनाचा रुपया ती. अक्काचे यजमान भाई बोटीवर नोकरीला होते. दर सफरीला अक्का मला चार घड्या घालून त्यांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात शिवायची, अडीनडीला म्हणून. दर वेळी मी न मोडता परत आले. घामाने मऊ पडले, टाक्यांनी भोकं पडली. ती मात्र पोथीत आडवी झोपून राहिली. शकुनाची ना!

भाई गेले. मग गेल्या आठवड्यात जामसंड्याचा केयूर आला. तो जुन्या नोटा जमवतो. त्याच्या वहीत मला जागा हवी होती.

"अक्का, ही शंभराची असांदे. लय वापरलेली आसा. ह्या रुपयाक मात्र साधी घडी नाय! सोमवारी येतंय न्हेवक."

अक्का चहा ठेवायला आत गेली, तेव्हा तो तिच्या भाचीला म्हणाला, "शर्मिष्ठा, हिका प्लास्टिक घालू नकात गो. मगे कोण इचारूचो नाय."

शर्मिष्ठा मुंबईला निघण्याच्या गडबडीत सांगायचं विसरली. बरं झालं, असं मी मनात म्हटलं. खोटं कशाला बोलू?

खाऱ्या हवेत रुपया ओला होईल, म्हणून अक्का आज आम्हा दोघींना घेऊन शिवाच्या झेरॉक्सच्या दुकानात आली. शिवाने रुपयाच्या नोटेला प्लास्टिकात घालून यंत्रात सरकवलं. बाहेर आली ती चकचकीत, कायमची बंद. मला हसू आवरेना.

मग अक्काने बटव्यातून मला काढलं.

"शिवा, हिका पण घाल रे. केयूराक तो रुपया जाऊंदे. ही मी कोणाक देवची नाय. ह्यांच्या काळजाक लागान फिरली ही."

अगं बाई! इतकी वर्षं मी कुणावर जळत होते?

मित्रांनो, जुनी नोट कोरड्या वहीत सपाट ठेवा. टाचणी नको, प्लास्टिक तर नकोच. कुणी शिवाच्या दुकानात असाल, तर अक्काला एवढं सांगा हो. लवकर सांगा, यंत्र तापलंय.