कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला

चिमणी बावन्न वर्षांची होती. तिला वाचायचा चष्मा लागला होता, जिना चढताना गुडघे कुरकुरायचे आणि तिच्या हाताखाली चाळीस माणसं काम करायची. तरी स्टुडिओच्या रखवालदारापासून वाहिनीच्या साहेबांपर्यंत सगळे तिला चिमणीच म्हणायचे. सहाव्या वर्षी एका मालिकेत तिनं त्या नावाच्या मुलीचं काम केलं होतं. मालिका संपली, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. खरं नाव आता फक्त पासपोर्टावर उरलं होतं.

त्या चिमणीचं तेव्हा भलतंच कौतुक झालं होतं. पानपानभर संवाद ही पोर न अडखळता म्हणते आणि म्हणताना कुठंतरी दूर बघते, याचं लोकांना नवल वाटायचं. एका वर्तमानपत्रानं तर तिच्या नजरेत पोक्त कारुण्य आहे असं छापलं. कारुण्य कसलं डोंबलाचं! ती आईचे ओठ बघत असायची. चिमणीनं तेव्हा एकही वाक्य कधी पाठ केलं नव्हतं. पाठ करायची आई. ती एका कचेरीत टायपिस्ट होती. जाता-येता बसमध्ये ती लेकीचे संवाद घोकायची आणि शॉटच्या वेळी कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला उभी राहून, आवाज न काढता, ते ओठांनी म्हणायची. चिमणी बघायची आणि मोठ्यानं बोलायची. एकदा आईला सर्दी झाली म्हणून ती तोंडावर रुमाल धरून उभी राहिली, तर चिमणी मालिकेतल्या वडिलांच्या मृत्युशय्येपाशी "आई, रुमाल काढ ना!" असं खच्चून ओरडली होती.

शॉट संपला की चिमणी पुन्हा तिकडेच बघायची, कसं झालं म्हणून. दिग्दर्शक 'छान' म्हणायचा, बाकीचे गालगुच्चे घ्यायचे. आई म्हणायची, "चालेल." फारच खूश असली तर, "चालेल. हात जरा खाली ठेवत जा."

तेराव्या वर्षी चिमणीची उंची एकदम वाढली आणि कामं थांबली. ज्यांनी तिला कडेवर घेऊन मिरवलं होतं, तेच ओळख दाखवेनासे झाले. दुसरी कुणी असती तर रुसून घरी बसली असती. शाळा संपल्यावर ही त्याच स्टुडिओत क्लॅप द्यायला गेली. मग कुठल्या शॉटमध्ये कुणाच्या हातात कोणता कप होता याच्या नोंदी ठेवल्या, एडिटरशेजारी बसून डोळे फोडून घेतले, एका आजारी दिग्दर्शकाच्या जागी एक भाग केला, मग आणखी दहा केले, आणि शेवटी स्वतःची मालिका काढली. आता ती निर्मातीही होती आणि दिग्दर्शिकाही. कपाटात पुरस्कार ठेवायला जागा नव्हती. आईनं त्यातला प्रत्येक पुरस्कार फडक्यानं पुसून ठेवला होता आणि प्रत्येक वेळी 'चालेल' म्हटलं होतं.

त्या एका 'छान'साठी चिमणी अजून मनात ताटकळत उभी होती. हे ती कुणाला सांगत नसे. बावन्नाव्या वर्षी असलं काही सांगायला लाज वाटते.

आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. दर शुक्रवारी ती सेटवर यायची आणि कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला आपली घडीची खुर्ची उघडून बसायची. त्या शुक्रवारी आजीचं काम करायला येणाऱ्या नटीचा फोन आला. तिनं दाढ काढली होती आणि गाल टम्म फुगला होता. दुपारचे दोन वाजले होते आणि भाग संध्याकाळी सातला दाखवायचा होता. घर सोडून निघालेली नायिका आजीचा निरोप घेते, एवढाच प्रसंग राहिला होता. आजीला वाक्य एकही नव्हतं, नुसतं ऐकायचं होतं.

"तुझ्या आईला बसव की," कॅमेरामन म्हणाले. त्यांना सगळे मामा म्हणायचे. चिमणीच्या लहानपणी ते तिच्या सेटवर दिवे ओढायचे, त्यामुळे रुमालाची गोष्ट त्यांना तोंडपाठ होती.

"छे, मला कुठं येतंय!" आई म्हणाली, आणि म्हणता म्हणता केस सारखे करून उठलीसुद्धा. मेकअप होईपर्यंत तिनं संवादाचे कागद मागून घेतले.

पहिला शॉट झाला. चिमणीनं मॉनिटरमध्ये बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"आई, तिची वाक्यं तू कशाला म्हणतेस?"

"मी? मी तोंड उघडलं नाही!"

चिमणीनं तिला बोलावून शॉट दाखवला. नायिका बोलत होती आणि समोर बसलेली आजी शब्दन् शब्द ओठांनी म्हणत होती.

"अगं बाई," आई म्हणाली. "हे कधीपासून?"

"सेहेचाळीस वर्षांपासून, ताई," मामा म्हणाले.

दुसऱ्या वेळी आईनं ओठ इतके घट्ट मिटले की दाढ हिचीच काढलीय असं वाटावं. तिसऱ्या वेळी नायिकेला हसू फुटलं. चौथ्या वेळी नायिका वाक्य विसरली, तिनं आजीच्या ओठांकडे बघितलं आणि गाडी पुन्हा सुरू केली. "आजींना कायमच्या ठेवा ना," ती म्हणाली. "पाठांतराची कटकट मिटेल." सगळे हसले.

आई मात्र हसली नाही. सव्वाचार वाजले होते, वाहिनीचे दोन फोन येऊन गेले होते.

"दुसरं कुणी तरी बघ," ती हळूच म्हणाली. "तुझं नुकसान होतंय. मला तर हातसुद्धा कुठं ठेवायचे ते कळत नाही."

चिमणीनं आईच्या हातांकडे बघितलं. ते मांडीवर जागा शोधत होते. आई घाबरली होती. आपली आई कशालाही घाबरू शकते हे चिमणीला आजवर माहीतच नव्हतं.

तिनं नायिकेला बाजूला घेतलं आणि कानात काहीतरी सांगितलं. मग येऊन मॉनिटरपाशी, कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला, उभी राहिली.

"आजी, मी निघाले," नायिका म्हणाली. आजीचे ओठ हलले.

"जाण्याआधी एक विचारायचंय." आजीचे ओठ थांबले. हे कागदावर नव्हतं.

"मी जे जे केलं, ते तुला दाखवायला केलं. तू मला एकदाही छान म्हणाली नाहीस. का गं?"

आईनं नायिकेकडे बघितलं. मग तिची नजर नायिकेच्या खांद्यावरून पुढं गेली आणि चिमणीवर येऊन थांबली. हात मांडीवर शांत पडले होते.

"छान म्हटलं असतं," आई म्हणाली, "तर तू माझ्याकडे बघायची थांबली असतीस."

'कट' म्हणायचं चिमणी विसरली, ते शेवटी मामांनी म्हटलं.

"चुकलं ना?" आई गडबडली. "मला बोलायचं नव्हतं. परत घ्यायचं?"

"नको." चिमणीनं मॉनिटरमध्ये डोकं घातलं होतं. वर केलं असतं तर चाळीस माणसांना तिचे डोळे दिसले असते. "छान झालं, आई. फार छान."

"बघा मामा," आई म्हणाली. "छान म्हटलं आणि बघायची थांबली. मी काय खोटं सांगत होते?"

चिमणीनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि वर बघितलं. आई तिच्याकडेच बघत होती. आवाज न काढता तिनं ओठ हलवले.

"छान," चिमणी मोठ्यानं म्हणाली. तिला सवयच तशी होती.