इश्यू

जळगावच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं जीवरामनाना विचारणाऱ्याला सांगत. राहून गेलं नव्हतं. त्यांनीच ते दिलं नव्हतं. आठवण झाली की जीभ कडू होई. आत्ताही झाली. समोर ओसरीवर त्यांची पुतणसून कमलबाई चार वर्षांच्या मोतीला मांडीशी ओढून शिकवत होती.

"म्हण, आत्या. म्हण ना, मग बत्तासा."

"आत्या," मोती म्हणाली.

चुलीपुढे भाकरी थापणाऱ्या लताचा हात परातीत थांबला, मग पुन्हा फिरू लागला. मोती तिची मुलगी. कमलबाईनं पोरीच्या तोंडात बत्तासा घातला.

नानांनी ताट दूर सारलं.

लता कमलबाईच्या नवऱ्याची, भिकनची, बहीण, म्हणजे नानांची पुतणी. फारकत होऊन ती धुळ्याला भावाकडे आली होती. आता जळगावच्या रुपचंद नावाच्या विधुर कारकुनानं पाटासाठी, दुसऱ्या लग्नासाठी, विचारलं होतं. पत्र घरातल्या वडीलधाऱ्याला, म्हणून नानांच्या नावानं. सगळं मराठी, शब्द एकच इंग्रजी: मुलीस काही इश्यू असल्यास कळवावे.

"नाना, इस्सू म्हणजे काय हो?" भिकननं तेव्हा विचारलं होतं.

"इश्श!" कमलबाई पदराआड हसली होती.

"इश्यू," नाना म्हणाले. "कोणी इस्यू म्हणतं, तेही चालतं."

वाचनालयात नोकरी करून म्हातारे झाले, पण त्यांना कोणी कधी काही विचारलं नव्हतं. ते खुलले. मासिकाचा अंक तो इश्यू. वाचकाला पुस्तक देणं तेही इश्यू. कंपनीचे शेअर बाजारात येतात तो इश्यू, भांडणाचा मुद्दा तो इश्यू. आणि कायद्याच्या जुन्या भाषेत मूलबाळ.

भिकन मांडी बदलून पुढे सरकला.

"मग 'नो इश्यू' लिहून टाका. उद्या बोंब झालीच तर म्हणू, आम्हाला वाटलं तुम्ही भांडणतंट्याचं विचारता."

"आणि मोती?"

"मोती आमची. सुट्टीत आत्याकडे जाईल की! लिहा, नाना. तुमचं अक्षर चांगलं. आणि बंद पाकिटात घाला, पोस्टमन चौकशा करतो."

नानांनी पत्राची घडी घातली होती. आपण हौसेनं उलगडून दाखवलेला शब्द या माणसानं पायपुसण्यासारखा पुढे ओढला होता. पण त्यांनी 'नाही' म्हटलं नाही. लिहिलंही नाही. भिकन रोज विचारी आणि ते चष्मा पुसत बसत.

आज मात्र बत्तासा चघळणारं ते तोंड त्यांना बघवेना. ते आत गेले आणि एका साध्या कार्डावर सरळ मराठीत तीन वाक्यं लिहून बाहेर पडले. किती तरी दिवसांनी त्यांची मान ताठ होती.

गल्लीच्या तोंडाशी हापशीवर लता हंडा भरत होती. तिला विचारल्याशिवाय टाकणं बरं नव्हे, असं वाटून त्यांनी कार्ड पुढे केलं. तिनं ओले हात लुगड्याला पुसले आणि बोट ठेवत वाचलं.

लताला एक मुलगी आहे. नाव मोती. याखेरीज काही अडचण नाही.

नाना तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती रडेल, पाया पडेल, असं काहीबाही त्यांच्या मनात होतं. लताचं बोट शेवटच्या ओळीवर अडलं. चिडली की ती आईच्या अहिराणी बोलीत बोले.

"नाना, 'याखेरीज' कसाले लिखं? मनी मोती अडचण शे का?"

तिची मोती म्हणजे अडचण? नानांनी ओळ पुन्हा वाचली. अक्षर खरंच चांगलं होतं. ज्या बोटांनी ते काढलं होतं, त्या बोटांची त्यांना किळस आली. ती त्यांनी धोतराला पुसली.

"खोडतो," ते पुटपुटले.

"खोडू नका. खोडलेलंही नवरदेवाला वाचता येईल." तिनं कार्ड फाडून गटारीत टाकलं आणि हंडा कमरेवर घेतला. "दुसरं घ्या. आणि लिहा, दोघी येऊ. नाहीतर कोणीच नाही."

पोस्टात शाईनं बरबटलेल्या टेबलाशी उभं राहून नानांनी नवं कार्ड लिहिलं. लताला एक मुलगी आहे. नाव मोती. दोघी येतील, नाहीतर कोणीच नाही.

पुढे काही लिहावं म्हणून ते बराच वेळ पेन धरून उभे राहिले. मग खाली सही करून, उरलेली जागा कोरी ठेवून त्यांनी कार्ड पेटीत टाकलं.