विद्यापीठाचं स्थळ

१९८३ साली मला अमेरिकेतल्या ब्रॅमवेल विद्यापीठात प्रवेश मिळाला, तेव्हा दोह्यातल्या आमच्या घरात सगळे खूश होते, एक आई सोडून. "घराण्याची चौकशी न करता मुलगी धाडायची?" ती म्हणाली. बाबांच्या कंपनीतले हॅन्सनसाहेब तिथेच शिकलेले, म्हणून शुक्रवारी त्यांना घरी बोलावलं. आईने चक्क कांदेपोहे केले. माझा नुसता संताप होत होता.

ती मराठीत विचारायची आणि मी मान खाली घालून इंग्रजीत सांगायची. मूळ पुरुष कोण? साबणाचा कारखानदार. सरकारची मदत? एक पैसा नाही, सगळं खाजगी. पहिले वर्ग चर्चच्या तळघरात भरले. मग इमारत बांधली, ती आगीत जळाली.

"मग?" आई पुढे सरकली.

तोवर कारखानदार वारला होता. त्याच्या बायकोने स्वतःच्या घरात वर्ग भरवले, पोरांना रांधून घातलं आणि नवी इमारत बांधून दिली. अट एकच, यापुढे मुलींनाही घ्यायचं.

आईने साहेबांच्या बशीत आणखी पोहे वाढले. "सासू चांगली आहे," ती म्हणाली. हे मी इंग्रजीत सांगितलं नाही.

निघताना तिने साहेबांच्या हातात नारळ ठेवला. "स्थळ पसंत आहे," ती मला म्हणाली, "पण त्यांना नीट सांग. मी मुलगी देत नाहीये, शिकायला पाठवतेय. मला ती परत हवी."

हे साहेबांना सांगायचं सोडून मी आईचाच हात धरला.