टेकडीवर अडून राहिलेला आवाज

मी एक जुना संगणक आहे. बोलिव्हियाच्या उंच पठारावर एका लहानशा रेडिओ केंद्रात माझी उमेदीची वर्षे गेली. मित्रांनो, टेकडीपलीकडच्या वस्त्यांत फोन पोचत नाही. कोणाची लामा जनावरे हरवली, कोण आजारी पडले, हे तिथे रेडिओवरूनच कळते.

आमचे निवेदक फोर्तुनातो हे निरोप रोज सकाळी माझ्यावर ध्वनिमुद्रित करत. मी ती फाइल टेकडीवरच्या यंत्राकडे पाठवी. फाइलचे नाव रोज तेच, 'आजचे निरोप'. "कालचं कोणाला ऐकायचंय?" असे ते म्हणत. ते यंत्र कालची फाइल पुसून आजची ठेवी आणि पलीकडच्या वस्त्यांना ऐकवी. आमचे छान जमले होते.

ऑक्टोबर सरता सरता त्या यंत्राने मान टाकली आणि नवे आले. फोर्तुनातोंची एकच फाइल त्याच्याकडे गेली. त्याच दुपारी त्यांच्या छातीत कळ आली आणि ते गेले.

दुसऱ्या दिवसापासून रेमेदिओस निरोप वाचू लागली. नवे यंत्र माझीच भाषा बोले, पण त्याची रीत वेगळी होती. त्याच नावाची फाइल आधीच असेल, तर ते तिला हात लावत नसे. नवी फाइल दुसऱ्या नावाने बाजूला ठेवी, ऐकवी मात्र ती जुनीच, आणि मला कळवी, 'मिळाली.' मी निर्धास्त होतो.

पलीकडे रोज मेलेला माणूस बोलत होता. आमच्या गावात ते ऐकू येत नसे. फोर्तुनातो गेल्याचे बसवाल्याने तिकडे सांगितले होते, तरी तक्रार आली नाही, कारण नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांचा मृतांचा सण तोंडावर होता. त्या दिवसांत मेलेल्यांचे आत्मे घरी येतात, असे तिकडे मानतात. लोकांनी रेडिओपुढे गोड पाव मांडले.

"जिवंतपणी कधी वेळेवर आला नाही," कोणीतरी हसून म्हणाले, "आणि आता दोन दिवस आधीच हजर. बोलू दे त्याला."

सण संपेपर्यंतच्या चारही दिवसांच्या रेमेदिओसच्या फाइलींत एक निरोप होता. सातुर्निना, तुमची लेक येनी शहरात दवाखान्यात आहे. तीन तारखेला शस्त्रक्रिया आहे. त्याआधी तिला तुम्हाला बघायचे आहे.

पाच तारखेला टेकडीपलीकडची सातुर्निना केंद्रात आली. बसवाल्याकडून तिला कळले, तोवर येनी गेली होती.

"पोरी, मी रोज ऐकत होते," ती म्हणाली. "एकदाही रेडिओ बंद केला नाही. माझं नाव आलंच नाही."

"मावशी, मी चार वेळा वाचलं हो." रेमेदिओसने माझा पडदा तिच्याकडे वळवला. "हे बघा. मिळाली, मिळाली, मिळाली, मिळाली."

"कोणाला?" सातुर्निनाने विचारले.

मित्रांनो, तो प्रश्न मला अजून सोडत नाही. कोणाचा निरोप नेलात, तर 'मिळाला' एवढ्यावर परत फिरू नका. 'काय ऐकलेस?' असे विचारा. मी ते विचारले नाही, आणि येनी चार दिवस दाराकडे बघत राहिली.